ऑडिटरची सही आणि आपली जबाबदारी

दरवर्षी सप्टेंबर महिना आला की आपल्या बाजारात एकच धावपळ सुरू होते. मुनीम वह्या गोळा करतो, पोरगा कॉम्प्युटरवरून खतावणी काढतो, बँकेची स्टेटमेंटे शोधली जातात आणि सगळा गठ्ठा सी.ए.च्या ऑफिसात जाऊन पडतो. काही दिवसांनी ऑडिट रिपोर्ट हातात येतो, आपण दाखवलेल्या जागी सही करतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. चला, हिशेब पास झाला! आता वर्षभर काळजी नाही.

याच समजुतीबद्दल आज लिहायचे आहे. ऑडिटरने सही केली म्हणजे पेढीत लबाडी नाही, असे आपल्यापैकी बहुतेक जण धरून चालतात. आम्हीही अनेक वर्षे तसेच धरून चाललो आणि त्याची किंमत मोजली. ऑडिटरची जबाबदारी कोठे सुरू होते, कोठे संपते आणि आपली किती, हे समजून घेतले तर बांधवांचे नुकसान टळेल, म्हणून हा खटाटोप.

आमच्या पेढीतला अनुभव

आमचा धंदा कापडाचा. ठोक माल घ्यायचा आणि तालुक्याच्या गावांतील दुकानदारांना उधारीवर द्यायचा. वसुलीसाठी एक माणूस होता. नात्यातला, नमाजी, बोलायला गोड. चार वर्षांत त्याने एकही सुट्टी घेतली नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा तो वसुलीला निघायचा. आम्ही चारचौघांत त्याच्या मेहनतीची तारीफ करीत असू.

मग त्याला कावीळ झाली आणि तो तीन आठवडे अंथरुणाला खिळला. वसुलीला आम्ही धाकट्या मुलाला पाठवले. पहिल्याच दुकानदाराने विचारले, "गेल्या महिन्यात चाळीस हजार रोख दिले, ते जमा नाहीत का?" दुसऱ्या गावात तीच तक्रार, तिसऱ्यातही तीच. सगळे जुळवायला दहा दिवस लागले. एकूण ६ लाख ८० हजार रुपयांची अफरातफर निघाली.

युक्ती अगदी साधी होती. पहिल्या दुकानदाराचे पैसे खिशात घालायचे. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचे पैसे आले की ते पहिल्याच्या खात्यावर जमा करायचे. मग तिसऱ्याचे दुसऱ्याच्या खात्यावर. अशी टोपी फिरत राहते, कोणाचेही येणे फार जुने दिसत नाही आणि मालकाला शंका येत नाही. मात्र टोपी फिरवणाऱ्याला एक दिवसही गैरहजर राहता येत नाही. आम्ही ज्याला मेहनत म्हणत होतो, ती त्याची मजबुरी होती.

आम्ही तडक सी.ए.च्या ऑफिसात गेलो आणि चार लोकांसमोर त्यांना नको ते बोललो. तुम्ही दरवर्षी फी घेता, सही करता, मग हे दिसले कसे नाही? त्यांनी शांतपणे फाईल काढली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आमच्याकडे पंचवीस दुकानदारांना शिल्लक विचारणारी पत्रे पाठवण्याची परवानगी मागितली होती. आम्ही म्हटले होते, "साहेब, पार्ट्या नाराज होतील. घरचीच माणसे आहेत." आणि येणे सर्व बरोबर आहे, असे लिहिलेल्या कागदावर आमचीच सही होती. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, कागद इंग्रजीत होता. वाचून घेतला नाही, हा दोष कोणाचा?

नंतर आम्ही त्यांची माफी मागितली. पण खरे बोलायचे तर थोडी चूक त्यांचीही होती. आम्ही नकार दिल्यावर त्यांनी तेवढ्यावर थांबायला नको होते. असे का म्हणतो, ते पुढे येईल.

ऑडिट काय सांगते आणि काय नाही

आपल्या देशात ऑडिट कसे करावे याचे नियम इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाने घालून दिले आहेत. ही संस्था १९४९ च्या कायद्याने स्थापन झाली. तिच्या ऑडिट मानकांपैकी क्रमांक २४० चे मानक खास लबाडीविषयी आहे. त्यातील मुद्दे सोप्या भाषेत असे आहेत.

पहिला मुद्दा: लबाडी रोखण्याची आणि शोधण्याची पहिली जबाबदारी धंदा चालवणाऱ्यांची, म्हणजे मालक, भागीदार किंवा संचालकांची आहे. ऑडिटरची नाही. हे वाक्य प्रत्येक व्यापाऱ्याने मनावर कोरून ठेवावे.

दुसरा मुद्दा: हिशेबात मोठी चूक नाही, मग ती नजरचुकीने झालेली असो वा मुद्दाम केलेली, याची ऑडिटर वाजवी खात्री देतो, शंभर टक्के हमी देत नाही. तो प्रत्येक बिल पाहत नाही, निवडक नोंदी तपासतो. संगनमत असेल, कागद बनावट असतील, तर उत्तम ऑडिटरच्या नजरेतूनही लबाडी निसटू शकते. मालकच लबाडीत सामील असेल तर काम आणखी कठीण होते.

तिसरा मुद्दा: म्हणून ऑडिटर मोकळा सुटत नाही. माणूस ओळखीचा आहे, आजवर प्रामाणिक निघाला आहे, एवढ्यावर विसंबू नये, प्रत्येक ठिकाणी चौकस राहावे, असे मानक बजावते. विक्रीच्या आकड्यांत लबाडीचा धोका आहे असे गृहीत धरूनच त्याने सुरुवात करायची असते. वरिष्ठांनी परस्पर फिरवलेल्या नोंदी आणि नेहमीच्या चालीबाहेरचे व्यवहार त्याने तपासलेच पाहिजेत.

लबाडी दोन प्रकारची मानली जाते. एक म्हणजे माल किंवा पैसा पळवणे, जशी आमच्याकडे झाली. दुसरी म्हणजे हिशेबच खोटा मांडणे: बँकेचे कर्ज मिळावे म्हणून साठा फुगवणे किंवा कर वाचवण्यासाठी विक्री दडवणे. पहिल्या प्रकारात मालक लुटला जातो. दुसऱ्यात बहुधा मालक स्वतःच लुटणारा असतो. नोकराने आपल्याला फसवले तर आपण आकाश डोक्यावर घेतो आणि आपण बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटकडे डोळेझाक करतो. हा दुटप्पीपणा सोडला पाहिजे.

सूतगिरणीचा खटला आणि पुढचा इतिहास

ऑडिटरची जबाबदारी किती, हा वाद जुना आहे आणि त्याचा सर्वांत प्रसिद्ध खटला आपल्याच धंद्यातला आहे. इंग्लंडमधील किंग्स्टन कॉटन मिल या कंपनीचा मॅनेजर कापूस आणि सुताचा साठा कित्येक वर्षे फुगवून दाखवत होता. ऑडिटर त्याचे प्रमाणपत्र पाहून तोच आकडा ताळेबंदात घेत होते. कंपनी बुडाली आणि प्रकरण कोर्टात गेले. १८९६ साली अपील कोर्टाने ऑडिटरांना जबाबदार धरले नाही. न्यायमूर्ती लोप्स यांचे म्हणणे असे की, ऑडिटर हा राखण करणारा कुत्रा आहे, वास घेत माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. संशयाला जागा नसेल तर जबाबदार माणसाच्या शब्दावर तो विश्वास ठेवू शकतो.

कापडवाला हे वाचून विचारील, सुरुवातीच्या शिल्लकेत खरेदी मिळवून विक्री वजा केली असती तर साठा किती उरायला हवा हे कळले नसते का? प्रश्न रास्त आहे. पुढच्या काळाने तोच विचारला.

१९३८ साली अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचा घोटाळा उघड झाला. कॅनडातील गुदामांत कोट्यवधींचा माल आहे असे तिच्या हिशेबात होते, प्रत्यक्षात काहीच नव्हते. ऑडिटरांनी कागद पाहिले होते, गुदाम पाहिले नव्हते. त्यानंतर १९३९ पासून तेथे दोन गोष्टी नियमाच्या झाल्या: मालाची मोजणी होताना ऑडिटरने हजर राहायचे आणि येणे असलेल्या पार्ट्यांकडून शिल्लक थेट लेखी मागवायची. आज आपल्याकडेही याच गोष्टी मानक ५०१ आणि मानक ५०५ मध्ये आहेत.

यात "थेट" हा शब्द महत्त्वाचा. पत्र ऑडिटरच्या ताब्यातून जावे आणि उत्तर त्याच्याच हाती यावे. हा नियम मोडला की काय होते, ते सत्यम कॉम्प्युटर्सच्या प्रकरणात दिसले. ७ जानेवारी २००९ रोजी चेअरमन रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली की, ताळेबंदातील रोख आणि बँक शिल्लकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २०११ मध्ये ऑडिट फर्मला दंड केला. बँकांकडून खातरजमा करण्याचे काम ऑडिटरांनी स्वतःच्या ताब्यात ठेवले नाही, कंपनीच्याच लोकांवर सोडले, असा त्याचा ठपका होता. ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवले, त्यांत दोन ऑडिटर होते. पुढे अपिलात शिक्षेला स्थगिती मिळाली.

आता आमच्या गोष्टीकडे पुन्हा पाहा. मालकाने पत्रे पाठवायला नकार दिला तर मानक ५०५ काय म्हणते? ऑडिटरने नकाराचे कारण विचारावे, ते पटते का पाहावे, दुसऱ्या मार्गाने तपास करावा आणि तरीही समाधान झाले नाही तर रिपोर्टात तसे लिहावे. आमच्या सी.ए. साहेबांनी आमचे मन राखले. आम्ही पार्ट्यांचे मन राखले. सर्वांनी एकमेकांची मने राखली आणि पैसा गेला.

लबाडी सापडली तर कायदा काय म्हणतो

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४३ (१२) प्रमाणे अधिकाऱ्याने किंवा नोकराने कंपनीविरुद्ध एक कोटी किंवा जास्त रकमेची लबाडी केल्याचे ऑडिटरला आढळले, तर त्याने ते केंद्र सरकारला कळवलेच पाहिजे. आधी दोन दिवसांत संचालक मंडळाला किंवा ऑडिट कमिटीला कळवायचे, ४५ दिवसांत त्यांचे उत्तर मागायचे, नंतर १५ दिवसांत सरकारकडे पाठवायचे. रक्कम कमी असेल तर मंडळाला किंवा कमिटीला कळवणे पुरते. याच कायद्याच्या कलम ४४७ खाली मोठ्या लबाडीला सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत कैद आणि रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंड आहे.

२०१८ साली नॅशनल फायनान्शियल रिपोर्टिंग ऑथॉरिटी स्थापन झाली. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि अन्य मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटरांनी कामात कसूर केली तर ती त्यांना दंड करते आणि दहा वर्षांपर्यंत कामातून दूर ठेवू शकते.

आपल्यापैकी अनेक जण पतसंस्थांचे आणि सहकारी बँकांचे सभासद आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात ऑडिटरवर असे बंधन आहे की, हिशेबासंबंधी गुन्हा आढळल्यास त्याने रजिस्ट्रारला खास अहवाल द्यावा आणि त्यांच्या लेखी परवानगीने पोलिसांत फिर्याद दाखल करावी. म्हणून सभेला जाताना फक्त लाभांश किती, एवढेच विचारू नका. ऑडिटरने काय शेरे लिहिले आहेत, तेही विचारा. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तिजोरीतील १२२ कोटींची रोकड कमी असल्याचे उघड झाले. निर्बंध आले, खातेदार रांगेत उभे राहिले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. दोषी कोण, ते कोर्ट ठरवील. पण वहीतील रोख आणि तिजोरीतील रोख मोजून ताडली नाही तर काय होते, ते यावरून समजावे.

दीन काय शिकवतो

कोणी म्हणेल, विश्वासावर चालणाऱ्या धंद्यात एवढी तपासणी कशाला? आपलेच माणूस, त्याच्यावर शक घेणे गुनाह नाही का?

कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत सूरह बकराची २८२ वी आहे आणि तिचा विषय हिशेब आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, अशी ताकीद त्यात आहे. लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास देऊ नये, असेही त्यात आहे. आपल्या मर्जीप्रमाणे लिहावे म्हणून मुनिमावर किंवा सी.ए.वर दडपण आणणाऱ्यांनी एवढा भाग पुन्हा वाचावा.

हदीसमध्ये येते की रसूलुल्लाह (सल्ल.) बाजारातून जाताना धान्याच्या ढिगाजवळ थांबले. त्यांनी हात आत घातला तर बोटांना ओल लागली. वर कोरडे, आत भिजलेले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. वरचा थर पाहून पुढे न जाता हात आत घालून पाहणे, ही तर आपली सुन्नत झाली! तपासणी म्हणजे शक नव्हे. उलट, जो माणूस प्रामाणिक आहे त्याची अब्रू तपासणीने राखली जाते.

लबाडीची तीन मुळे

ऑडिटचे जाणकार लबाडीमागे तीन गोष्टी सांगतात: गरज, संधी आणि मनाची समजूत. आमच्या माणसाच्या बाबतीत तिन्ही जमून आल्या. मुलीच्या लग्नाचे कर्ज ही गरज. वसुली, पावती आणि नोंद तिन्ही त्याच्याच हाती ही संधी. आणि "शेठ पगार कमी देतात, पुढे भरून टाकीन" ही मनाची समजूत. गरज आम्ही विचारली नाही, पगार आम्ही वाढवला नाही, संधी तर आम्हीच दिली. त्याचा गुनाह त्याच्यापाशी, पण दार आम्ही उघडे ठेवले होते. निम्मी रक्कम हप्त्यांनी परत आली, बाकीची बुडाली आणि नाते तुटले ते तुटलेच.

छोट्या पेढीसाठी काही उपाय

१. वसुली करणारा आणि खात्यावर जमा करणारा माणूस वेगवेगळा ठेवा. दोन नोकर परवडत नसतील तर जमा नोंद घरच्या माणसाने करावी.

२. प्रत्येक दुकानदाराला दर तिमाहीला त्याच्या खात्याचा उतारा मालकाने स्वतः पाठवावा. आता मोबाईलवर हे फुकट होते.

३. पावती पुस्तके क्रमांकाची असावीत आणि रिकामी पुस्तके मालकाच्या कुलपात असावीत. शक्य तेथे पैसे थेट पेढीच्या बँक खात्यात घ्यावेत.

४. वर्षातून दोनदा गुदामातील तागे आणि गाठी मोजा. गुदामवाल्याने एकट्याने मोजू नये. अधूनमधून एखादी गाठ उघडून पाहा.

५. प्रत्येक नोकराला वर्षातून पंधरा दिवस सक्तीची सुट्टी द्या आणि त्या काळात त्याचे काम दुसऱ्याकडे द्या.

६. सी.ए.ने दिलेला प्रत्येक कागद वाचून घ्या. भाषा समजत नसेल तर मुलाकडून, मुलीकडून अर्थ करून घ्या, मगच सही करा. आणि त्यांना दरवर्षी एक प्रश्न विचारा: आमच्या पेढीत चोरी करायची असेल तर कोठून होईल?

दुसऱ्याच्या हाती पैसा देताना

शेवटची आणि सर्वांत दुःखाची गोष्ट. जून २०१९ मध्ये बंगळुरूची आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी बंद पडली. हलाल नफ्याच्या नावाने तिने हजारो मुसलमान कुटुंबांकडून पैसा घेतला होता. लोकांना ठेवीदार न म्हणता भागीदार म्हटले जात होते. निवृत्तीचा पैसा, दागिने मोडून आणलेला पैसा, विधवांची जमा, सगळे त्यात होते.

भागीदार म्हटले की हिशेब पाहण्याचा हक्क आला. तो आपण का बजावत नाही? कोणी दाढीकडे पाहून पैसे देतो, कोणी शेजाऱ्याला नफा मिळाला म्हणून देतो. ऑडिट केलेला ताळेबंद दाखवा, असे म्हणायला आपल्याला लाज वाटते. मर्यादित दायित्व भागीदारी असेल आणि तिची उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर असेल, तर तिला ऑडिट सक्तीचे आहे. आणि रिपोर्टावरची सही खरी की खोटी, हे आज कोणालाही पाहता येते. २०१९ पासून सी.ए.च्या प्रत्येक ऑडिट रिपोर्टावर १८ अंकी यू.डी.आय.एन. क्रमांक असतो. इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. क्रमांक नसेल किंवा जुळत नसेल तर पैसा देऊ नका. क्रमांक जुळला तरी नफा कोठून येतो, हे विचारल्याशिवाय देऊ नका, कारण सहीची मर्यादा आपण वर पाहिलीच आहे.

यंदा आमच्या पेढीतून पंचवीस नव्हे, सर्वच दुकानदारांना शिल्लक-पत्रे गेली. सी.ए. साहेबांच्या ऑफिसातून गेली आणि उत्तरे तेथेच आली. ज्या नाराजीची आम्हाला भीती होती, ती एकानेही दाखवली नाही. उलट एका जुन्या दुकानदाराने निरोप पाठवला की, हे काम आधीच करायला हवे होते.

धंदा ही अमानत आहे. तिची राखण पगारी माणसावर किंवा एका सहीवर सोपवता येत नाही. अल्लाह आपणा सर्वांच्या तिजारतीत बरकत देवो आणि हिशेब स्वच्छ ठेवण्याची तौफीक देवो.